शिकलगार चाचांची लाल पाटी

सांगलीतल्या आमच्या प्रोग्रॅम लिहायच्या ऑफिसात कॉम्प्युटर चार होते, माणसं सहा होती आणि लाईट दिवसातून तीनदा जायची. म्हणून प्रकाशदादांनी एक जुना डिझेल जनरेटर घेतला. प्रकाशदादा म्हणजे आमचे मालक. वय तिशीच्या आत, पण मिशीमुळं चाळिशीचे वाटायचे. जनरेटर आला खरा, पण चालू काही होईना. दोन मेकॅनिक येऊन हात टेकून गेले. तेव्हा एसटीतून निवृत्त झालेले दादांचे वडील म्हणाले, "कराडच्या शिकलगार मिस्त्रींना बोलवा, ते हल्ली इथंच लेकीकडं असतात."

चाचा आले. अंगात खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात वीतभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर. एसटीच्या डेपोत हेड मिस्त्री म्हणून त्यांची उभी हयात गेलेली. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि दादांना हँडल मारायला सांगितलं. दादांनी घाम गाळला. चाचा डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "नळीत हवा धरलीया." दहा मिनिटांत जनरेटर धडधडायला लागला. चाचांनी हात पुसले, जिना चढून वर आले आणि बसायला एक खुर्ची मागितली. पुढं तीन वर्षं ती खुर्ची त्यांचीच होती.

मी तेव्हा कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, विट्याची, तेवीस वर्षांची. आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की खात्री होती. एक म्हातारा माणूस खिडकीशी बसून बशीतून चहा पितो आणि आपल्या स्क्रीनकडं टक लावून बघतो, याचा मला भारी राग यायचा. त्यात त्यांना सवय होती ती राकेलनं हात धुण्याची. कीबोर्डाला बोट लावायच्या आधी खाली जाऊन राकेल आणि निरम्यानं हात धुऊन यायचे. वंगणाचा ठिपका नसलेले ते हात दिवसभर घासलेटाचा वास मारायचे. एकदा माझा कॉम्प्युटर मधेच अडकायला लागला तर यांनी त्याच्या डब्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली. आम्ही सगळे फिदीफिदी हसलो. "पंखा घासतोय," ते म्हणाले. उघडून बघितलं तर खरंच पंख्यात वायर अडकलेली. मी त्या दिवशी हसणं कमी केलं, बंद नाही केलं.

आमच्याकडं मोठं काम आलं होतं ते एका धर्मादाय दवाखान्याचं. केसपेपर कॉम्प्युटरवर घ्यायचे, जुना पेशंट परत आला की त्याचा आधीचा कागद शोधून काढायचा. काम पुण्याच्या एका कंपनीमार्फत आलेलं, आणि त्या कंपनीनं सोबत दोन फ्लॉप्या पाठवल्या होत्या. त्यात प्रोग्रॅममधल्या चुका नोंदवायचा प्रोग्रॅम होता. म्हणजे चूक सापडली की त्यात लिहायची, दुरुस्त झाली की त्यात तसं सांगायचं, आणि दर शनिवारी सगळ्याची छापील यादी दवाखान्याला द्यायची.

हे जितकं सोपं वाटतं तितकं ते नव्हतं. त्या स्क्रीनवर इतके इंग्रजी शब्द होते की चुका परवडल्या. एक चौकोन 'सिव्हिअरिटी'चा, दुसरा 'प्रायॉरिटी'चा, आणि दोन्हींत एक ते पाच आकडे. मला वाटायचं एक म्हणजे सगळ्यात वाईट. शेजारच्या सुनीलला वाटायचं एक म्हणजे किरकोळ. परिणामी 'मशीन बंद पडते' ही तक्रार यादीच्या तळाशी आणि 'नमस्कारातला काना तुटलेला दिसतो' ही डोक्यावर. काम कुणाकडं सोपवलंय ते लिहायला 'ओनर' असा एक रकाना होता, तिथं मालक समजून आम्ही सगळ्यांनी महिनाभर इमानेइतबारे प्रकाशदादांचं नाव घातलं. पुण्याहून फोन आला की तुमच्याकडं एकच माणूस काम करतो का.

चाचा हे सगळं बघत होते. एका दुपारी लाईट गेली, जनरेटर चालू करून ते वर आले आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"पोरी, ह्या पाट्या मला वाचून दाव."

मला काम होतं, पण त्यांच्या वयाला नाही म्हणवेना. मी एकेक शब्द वाचून अर्थ सांगत गेले. 'कॅनॉट रिप्रोड्यूस' म्हणजे तक्रार करणाऱ्याला दिसतं, पण आम्ही करून बघितलं तर दिसत नाही.

"म्हंजी आमच्याम्होरं गाडी वाजली न्हाई," चाचा म्हणाले आणि वहीत लिहिलं.

'डिफर्ड'ला त्यांनी लिहिलं, 'पुढल्या सर्व्हिसिंगला बघू.' 'ॲज डिझाइन्ड'ला लिहिलं, 'गाडी अशीच असते, सवय करा.' आणि 'युजर एरर' म्हणजे वापरणाऱ्याचीच चूक असं सांगितल्यावर त्यांनी लिहिलं, 'ड्रायव्हरच्या डोक्यावर फोडा.' सिव्हिअरिटी आणि प्रायॉरिटीचा घोळ आम्हा सहा जणांना महिनाभरात सुटला नव्हता. त्यांनी तो एका वाक्यात सोडवला: "ब्रेक लागत न्हाई ही एक गोष्ट, आन गाडी उद्या न्यायची का पुढच्या म्हैन्यात ही दुसरी." मला लाज वाटली, पण मी ती दाखवली नाही.

अडलं ते शेवटी.

"रिझॉल्व्ड म्हंजी काय?"

"दुरुस्त झालं."

"आसं कुणी म्हणायचं?"

"ज्यानं दुरुस्त केलं त्यानं."

"आन क्लोज्ड?"

"मिटलं. संपलं."

"ते कुणी म्हणायचं?"

मला माहीत नव्हतं. मी बटन दाबून बघितलं. प्रोग्रॅमनं काही विचारलं नाही, मुकाट्यानं तक्रार मिटवून टाकली. म्हणजे कुणीही म्हणू शकत होतं.

चाचा खुर्चीवरून उठलेच. "आगं, ही काय रीत झाली? आमच्या शेडात आसं केलं आसतं तर माणसं मेली आसती." मग त्यांनी मला डेपोतल्या त्यांच्या शेडची रीत सांगितली. गाडीत खोट आढळली की ड्रायव्हरनं स्टिअरिंगला पत्र्याची लाल पाटी अडकवायची, 'गाडी नादुरुस्त'. मिस्त्रीनं काम करायचं, पण पाटीला हात लावायचा नाही. ज्या ड्रायव्हरनं लावली त्यानंच गाडी फिरवून आणायची आणि समाधान झालं तर स्वतःच्या हातानं काढायची. साहेब असो नाहीतर साहेबाचा साहेब, दुसऱ्या कुणी ती काढायची नाही.

"आन ड्रायव्हर खोटं बोलत आसला तर?" मी त्यांच्याच भाषेत चिडवलं.

"माने म्हणून ड्रायव्हर हुता," चाचा म्हणाले. "पाटणच्या घाटात गाडी कण्हती म्हणायचा. शेडात आणली की गप. चार मिस्त्री म्हणाले, मान्याला कामाचा कटाळा आलाय. मी काय केलं, तिकीट काढलं आन मागच्या बाकावर जाऊन बसलो. गाडी गच्च भरली, घाट लागला, आन माझ्या बुडाखाली बाई कण्हल्यागत आवाज. मागचा स्प्रिंगचा पाटा वजनानं घासत हुता. शेडात गाडी रिकामी, कशी वाजंल? जिथं वाजती तिथं जाऊन बसाय पायजे, पोरी."

मी हो हो म्हणाले. लाईट आली होती आणि मला काम होतं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी भिंतीवर फळी ठोकली, फळीला खिळे ठोकले आणि प्रत्येक तक्रारीचं मराठीत एक कार्ड करून खिळ्याला अडकवलं. प्रकाशदादांनी हात जोडले. "चाचा, कॉम्प्युटर घेतलेत ते कागद कमी व्हावेत म्हणून." चाचा म्हणाले, "आवं, तुमचा कॉम्प्युटर लाईट गेल्यावर वाचून दाखवतो का?" फळी राहिली.

आता कदमबाईंचं सांगते. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत त्या कित्येक वर्षं बसत होत्या. ठसठशीत कुंकू, नाकावर चष्मा, आणि जाडजूड रजिस्टरं गावांप्रमाणं लावलेली. पेशंटबाई खिडकीत आली की त्या तोंडाकडं बघून विचारायच्या, "कुणाच्या गं तू?" बाई सांगायची, कोतवालाची सून, नाहीतर शाळेजवळच्या तानूबाईची लेक. की कदमबाईंचा हात बरोबर त्या रजिस्टरावर. आता ती रजिस्टरं तळघरात जाणार होती. दवाखान्याच्या सेक्रेटरीसाहेबांनी सांगून टाकलं होतं की पहिल्या तारखेपासून कॉम्प्युटर. ज्याला जमणार नाही त्यानं चादरींच्या कोठारात जायचं. हे 'ज्याला' म्हणजे कदमबाईच, कारण खिडकीत दुसरं कुणी नव्हतंच.

महिनाभर चाचणी चालली होती आणि कदमबाईंच्या तक्रारी एकामागून एक येत होत्या. सगळ्यांचा मजकूर एकच: 'जुनी बाई सापडत नाही.' मी माझ्या टेबलावर बसून करून बघितलं. सीता नाव घातलं, पतीचं नाव राम घातलं, गाव घातलं, शोध म्हटलं. सापडली. पुन्हा केलं, पुन्हा सापडली. आता कारण निवडायचं होतं. स्क्रीनवरच्या यादीत पहिलाच शब्द बोटाखाली आला तो 'युजर एरर'. मी तो दाबला. नऊच्या नऊ तक्रारींवर दाबला, सगळ्या रिझॉल्व्ड केल्या, क्लोज्ड केल्या आणि चहा प्यायला गेले.

शनिवारी यादी छापून दवाखान्यात गेली. सेक्रेटरीसाहेबांनी वाचली. कदमबाईंच्या नावापुढं नऊ वेळा लिहिलेलं, वापरणाऱ्याची चूक. सोमवारी त्यांनी प्रकाशदादांना फोन करून सांगितलं की बाईंना कोठारात पाठवायचं ठरतंय, पण तुमचं काम झालेलं दिसतंय, ओपन तक्रार एकही नाही, तर येत्या शनिवारी येऊन सही करतो. दादा इतके खूश झाले की सगळ्यांना भडंग आणलं.

चाचांनी भडंग खाल्लं नाही. त्यांनी फळीवरची नऊ कार्डं काढून माझ्यासमोर ठेवली. "ही कुणी मिटवली?"

"मी. बाईंनाच येत नाही टाइप करायला."

"तू खिडकीत जाऊन बसली हुतीस?"

"चाचा, मी इथं करून बघितलं ना. सापडतं."

"म्हंजी शेडात न्हाई वाजली," म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर खिशात घालून जिना उतरले.

बुधवारी ते दिवसभर ऑफिसात नव्हते. लाईट दोनदा गेली आणि आम्ही अंधारात बसलो. संध्याकाळी आले ते थेट माझ्यापुढं उभे राहिले.

"पोरी, तुझ्या आईनं तुझ्या बापाचं नाव कवा घेतलंय का?"

 माझे वडील सोनं गाळायच्या दुकानात, लांब परमुलखात. त्यांचं टपाल आलं आणि पोस्टमननं नाव विचारलं, की माझी आई दारावरच्या पाटीकडं बोट करायची. जन्मात तिनं ते नाव उच्चारलं नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते मी रोज बघत मोठी झाले होते. आणि तरी 'पतीचे नाव' हा चौकोन मीच केला होता, आणि तो भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही असंही मीच करून ठेवलं होतं.

खिडकीत काय चालायचं ते चाचांनी सांगितलं. बाई पहिल्यांदा सासूबरोबर येते, सासू लेकाचं नाव सांगते, ते केसपेपरवर लागतं. दुसऱ्या वेळी बाई एकटी येते आणि म्हणते, "मागल्या वक्ताला लिवलंय की, तुमीच बगा." नाव काही सांगत नाही. मागं रांग ओरडत असते. कदमबाई चौकोनात नुसता एक ठिपका देतात, आणि कॉम्प्युटर सांगतो अशी बाई नाहीच. मग नवा केसपेपर. कुठलं इंजेक्शन सोसत नाही ते लिहिलेलं राहतं जुन्यावर.

"आता?" मी विचारलं. 

"आता पाटी," चाचा म्हणाले.

शनिवारी सकाळी मी ऑफिसात आले तर माझ्या मॉनिटरला लाल रंगाची पत्र्याची पाटी तारेनं अडकवलेली. 'गाडी नादुरुस्त.' जुन्या शेडातली खरीखुरी पाटी, कडा गंजलेल्या. प्रकाशदादांनी ती बघितली आणि त्यांची मिशीसुद्धा पांढरी पडली असेल.

"चाचा, अर्ध्या तासात सेक्रेटरी येतोय. ती काढा."

"जिची तक्रार हाय ती काढंल."

"अहो, हे काम गेलं तर मी ह्या पोरांचे पगार कुठून देऊ?"

"आन न काढता दिलं तर त्या बाईचं काय?"

दादा पाटीकडं हात नेत होते, मागं घेत होते. बहुतेक लहानपणी वडिलांनी त्यांना या पाटीबद्दल काही सांगितलेलं असावं. शेवटी हात मागंच राहिला.

सेक्रेटरीसाहेब आले. कदमबाईंना बरोबर आणलं होतं, त्यांच्यासमोर एकदा चालवून दाखवावं म्हणून. साहेबांनी पाटी बघितली आणि विचारलं, "हे काय आहे?"

"तुमची पाच मिंटं लागतील," चाचा म्हणाले. मला म्हणाले, "तू खिडकीत बस." कदमबाईंना म्हणाले, "ताई, तुमी पेशंट व्हा."

मी कीबोर्ड ओढला. नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. गाव सांगितलं. मग मी विचारलं, "पतीचं नाव?"

कदमबाईंनी पदर सारखा केला. गेला महिनाभर शेकडो बायकांना जो प्रश्न विचारला तो त्यांना कुणी कधी विचारला नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या.  खाली जनरेटर तेवढा धडधडत होता.

"अहो, मला माहितीय की," सेक्रेटरीसाहेब वैतागून म्हणाले. "दत्ताजीराव. घाल, दत्ताजीराव."

"बेस," चाचा म्हणाले. "मग तुमी रोज खिडकीत बसणार का साहेब, नावं सांगायला?"

साहेब आधी रागानं बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं आणि ते खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "माझी घरातली पण नाही घेत हो," म्हणाले. कदमबाई मात्र हसल्या नाहीत. त्या छापील यादीवरचे आपल्या नावापुढचे नऊ शेरे बघत होत्या. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, चूक माझी आहे." एवढंच सुचलं.

ती चूक प्रोग्रॅममध्ये नोंदवायला बसले तर आणखी गंमत. कारणांच्या यादीत सगळं होतं, पण 'आमची चूक' असा शब्दच नव्हता. पुण्याला फोन केला, तर तिथला मुलगा म्हणाला, "अशी मागणी अजून कुणाची आलेली नाही." शेवटी मी शेऱ्याच्या जागी नऊ वेळा 'आमची चूक' असं टाइप केलं आणि ती यादी नव्यानं छापून दवाखान्याला पाठवली.

आठवडा घालवून 'पतीचे नाव' काढलं. त्या जागी चाचांनी सांगितलेली पाटी बसवली: 'कुणाच्या घरच्या?' त्यात सासू, भाऊ, लेक, काय वाटेल ते घाला, नाहीतर रिकामं सोडा, गावावरून नावं समोर येतील. कदमबाईंनी खिडकीत बसून दोन बाजारचे दिवस ते चालवून बघितलं. मग ऑफिसात आल्या, चष्मा पुसला आणि आपल्या हातानं तार सोडवून लाल पाटी काढली. सेक्रेटरीसाहेबांनी त्याच दिवशी सही केली. चादरींच्या कोठारात शेवटी कोण गेलं ते मला ठाऊक नाही. कदमबाई खिडकीतच राहिल्या. त्यांनी चाचांना डबाभर शेंगदाण्याची चटणी आणली होती. त्यातली मला चमचाभर मिळाली, तीही मागितल्यावर.

पुढं मला पुण्यात नोकरी लागली. वर्षभरानं सुट्टीला आले तर कळलं, चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्याच दवाखान्यात. भेटायला गेले. कदमबाईंनी खिडकीतूनच खाटेचा नंबर सांगितला आणि स्क्रीन वळवून दाखवली. 'कुणाच्या घरचे?' पुढं त्यांनी लिहिलं होतं, 'नसीमचे अब्बा.'

वॉर्डात शिरले तर लांबूनच दिसली. खाटेच्या पायथ्याशी तीच लाल पाटी. शेजारी सिस्टर कपाळाला हात लावून उभ्या. "डॉक्टरांनी कालच डिस्चार्ज लिहिलाय," त्या मला म्हणाल्या. "हे म्हणतात, डॉक्टरांनी नुसतं रिझॉल्व्ड केलंय. म्हणजे काय हो?"

चाचा काळा चष्मा घालून बसले होते. अंगात खाकीच. "आलीस व्हय? बरं झालं. साक्षीदार पायजेच हुता." पाटी काढून बगलेत मारली आणि मला घेऊन व्हरांड्यात आले. समोर रस्त्यापलीकडं एसटीचा थांबा होता. खाली गेटात त्यांची लेक नसीम रिक्षा थांबवून वर बघत होती. "गाडीची पाटी वाचता आली तर मी घरी. माझं मी म्हणून चालणार न्हाई, तू सांगायचं."

थोड्या वेळानं एसटी येऊन उभी राहिली. चाचांनी चष्मा वर केला, मान पुढं काढली आणि कपाळाला आठ्या घालून पाहिलं.

"पाटण," ते म्हणाले.

बोर्डावर कराड होतं. स्वच्छ, मोठ्या अक्षरांत कराड. मी त्यांच्याकडं बघितलं. गेले दोन दिवस त्यांना घरचं जेवण नव्हतं. हातात डिस्चार्जचा कागद, खाली रिक्षा, बगलेत पाटी, आणि चेहऱ्यावर असा आनंद की माझ्या ओठांवर 'बरोबर' आलंच होतं. इतकी सोपी गोष्ट होती ती, एक बटन दाबण्याएवढी.

"न्हाई चाचा," मी म्हणाले. "कराड हाय."

 ते सावकाश माझ्याकडं वळले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या हाताला अजून घासलेटाचा वास येत होता. "नसीमला म्हणावं, रिक्षा सोडून दे," म्हणाले. भिंतीला धरून वॉर्डात गेले, डिस्चार्जचा कागद सिस्टरच्या हातात परत दिला, आणि पाटीची तार चाचपत चाचपत खाटेच्या पायथ्याला पुन्हा पक्की बांधली.